शेऱ्याचा रकाना

"श्वास घेऊ नका!"

त्याने तिला उद्देशून काढलेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य. पहिल्या भेटीत कुणी काय बोलावं याचे काही नियम नसतात, हे मान्य. पण श्वास घेऊ नका? ती जागच्या जागी थिजली. सात वाजायला दोन मिनिटं होती. ती मैदानावरून पळत आली होती; पायात परेडचे बूट, घामाने पाठीला चिकटलेला गणवेश आणि भात्यासारखी वरखाली होणारी छाती. श्वास घेऊ नका म्हणे!

"तुमचा श्वास थर्मामीटरला लागतोय," तो मागे न वळता म्हणाला. "अर्धा डिग्री वाढेल."

"मग मी मरू का इथे?"

तेव्हा तो वळला. बोटाला शाई, केस झोपेतून उठल्यासारखे, आणि डोळे... डोळ्यांचं तिने नंतर ठरवलं. त्या घटकेला तिला त्याचा फक्त राग आला होता.

"दोन पावलं मागे जाऊन मरा," तो म्हणाला. "तिथून चालेल."

कॉलेजच्या इमारतीमागे तारेचं कुंपण घातलेला गवताचा एक चौकोन होता. त्याला सगळे कौतुकाने वेधशाळा म्हणत. चार पायांवर उभी असलेली झडपांची एक पांढरी पेटी, पेटीत थर्मामीटर, बाजूला जमिनीत रोवलेलं पर्जन्यमापक, आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण. तो इतका गंजला होता की वारा कुठूनही आला तरी आधी थोडा विचार करायचा. हवामानशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने वर्षभरात सकाळी सातच्या शंभर नोंदी स्वतः घ्यायच्या आणि नोंदवहीत स्वतःची सही करायची, असा नियम होता. नव्याण्णव झाल्या तरी परीक्षेला बसता येत नसे. सरांनी त्यासाठी जोड्या लावल्या होत्या, आणि तिच्या वाट्याला हा श्वासबंदीवाला आला होता.

तिच्यामागे आधीच एक व्याप होता. कॉलेजच्या तीन वर्षांबरोबरच सैन्यातल्या अधिकारीपदाचं प्रशिक्षण. सोमवार, बुधवार, शुक्रवारी पहाटे साडेपाचला मैदानावर, आठला वर्गात, दुपारी नकाशावाचन, संध्याकाळी पाठीवर ओझं घेऊन टेकडी. वर्गात ती उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकली होती. तिची खोलीतली मैत्रीण म्हणायची, "अगं, तू झोपेत पण 'सावधान' ओरडतेस. मी दचकून उभी राहते!" तारेवरची कसरत म्हणतात ती हीच, फक्त ही बूट घालून करायची होती.

आणि ही कसरत कशासाठी, तर बाबांसाठी. तिचे बाबा सैन्याच्या छावणीत, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सव्वीस वर्षं स्वयंपाकी होते. बावीस-बावीस वर्षांच्या पोरांना त्यांनी सव्वीस वर्षं सलाम ठोकला. बशीत केस सापडला म्हणून ऐकून घेतलं. तो केस त्यांचा नव्हता, त्यांना टक्कलच होतं. तिची निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "एक सलाम शिल्लक ठेवलाय मी. तुझ्यासाठी." एवढंच बोलले आणि कांदा चिरायला बसले, म्हणजे डोळ्यांना निमित्त मिळावं.

तर जोडीने वार वाटून घेतले. परेडचे दिवस त्याचे, उरलेले तिचे, रविवार आळीपाळीने. खरं तर मग दोघांची गाठ पडायचं कारणच नव्हतं. पण नोंदवहीत अगदी शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. सर फक्त आकडे बघत. या रकान्याकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पहिल्याच बुधवारी त्यात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं तिला गुरुवारी सापडलं: "पश्चिमेला पिंजलेल्या कापसासारखे ढग. जोडीदार कवायतीला. श्वास चालू असावा."

तिने खाली लिहिलं: "श्वास चालू आहे. ढग दिसले नाहीत. ते बहुधा जोडीदारालाच दिसतात."

शुक्रवारी उत्तर आलं: "ढग बघायला मान वर करावी लागते. कवायतीत नाक समोर ठेवायला शिकवतात, असं ऐकतो."

असं सुरू झालं. तिने त्याचं नाव ढगोबा ठेवलं, तो तिला साहेब म्हणू लागला. मग परेड सुटल्यावर ती त्याच्या दिवशीही वेधशाळेवरून जाऊ लागली, 'वाटेत पडतं' म्हणून. वेधशाळा कुणाच्याच वाटेत पडत नव्हती. आणि तिच्या दिवशी तो यायचा, 'तू पारा नीट वाचतेस का ते बघायला' म्हणून. पारा नीटच वाचला जात होता; बाकीचं दोघांनाही वाचता येत होतं, पण मोठ्याने कोण वाचणार?

पावसाचे दिवस आले तशी एक पैज लागू लागली. मापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायच्या आधी दोघांनी अंदाज सांगायचा, किती मिलिमीटर. ज्याचा जवळ जाईल त्याने शेरा लिहायचा.

"साडेबारा," ती म्हणायची.

"आठ पॉइंट दोन."

"रात्रभर कोसळत होता! पत्र्यावर केवढा आवाज!"

"आवाजावर जाऊ नका साहेब. आवाज करणारे बरसत नाहीत."

पाणी ओतलं की आठ पॉइंट चार. दर वेळी तसंच. ती चिडायची, तो मिशीतल्या मिशीत हसायचा, मिशी जेमतेम असूनही.

"तू रात्री येऊन मोजून जातोस. कबूल कर."

"नाही. शब्द."

'शब्द' हे त्याने तिच्याकडूनच उचललेलं. प्रशिक्षणात ती एक रीतच होती. कॅप्टनबाई, म्हणजे त्यांच्या मुख्य प्रशिक्षक, खोली तपासायला येत. विचारत, "गादीखाली काही आहे?" कॅडेट म्हणे, "नाही, मॅडम." मग त्या एकच प्रश्न करत, "शब्द?" आणि कॅडेटने "शब्द" म्हटलं की गादी उचलायची नाही. पुन्हा विचारायचं नाही. "उद्या तुमच्या शब्दावर माणसं गोळीसमोर जाणार आहेत," बाई म्हणायच्या, "तेव्हा गादी उचलून बघायला वेळ नसतो." तिला या रीतीचा फार अभिमान होता. ढगोबाला ती गंमत वाटायची. "छत्री आणलीस? शब्द? जेवलीस? शब्द?" असा त्याने त्या शब्दाचा नुसता चोथा केला होता.

दुसऱ्या सत्रात परेड सहाही दिवस झाली आणि सगळं गणितच फिसकटलं. साडेसहाला सुटणारी परेड पावणेसातला सुटे, कधी सातला. मैदान ते वेधशाळा दीड किलोमीटर. बुटांत धावलं तरी नऊ मिनिटं. तिच्या दोन नोंदी सरांनी लाल रेघ मारून कापल्या. सातची नोंद सात वाजून सहा मिनिटांनी घेतलेली त्यांना चालत नसे.

एका मंगळवारी ती पोहोचली तेव्हा सात वाजून अकरा मिनिटं झाली होती. बारीक पाऊस होता. तो पेटीपाशी उभा होता, नोंदवही शर्टाखाली झाकून.

"गेली ना आजची पण?" ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाली. "काय करू मी? कॅप्टनबाईंना सांगू का, परेड थांबवा, माझा थर्मामीटर वाट बघतोय?"

त्याने नोंदवही पुढे केली. सातची नोंद झालेली होती. शेवटी सही होती. तिची.

"हे... काय?"

"सही आहे. तुझी."

"ही? माझ्या सहीची शेपटी अशी असते? ही तर उंदराची वाटते."

"साहेबांची सही पहिल्यांदाच केली. हात कापत होता."

ती ओळ तिने तिथल्या तिथे खोडायला हवी होती. तिला ते कळत होतं. पण पहाटे चारपासून ती पायावर उभी होती, शंभराचा आकडा डोळ्यांपुढे नाचत होता, आणि समोर हा उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेला, तिच्यासाठी पहिल्यांदाच काहीतरी वाकडं केलेला. तिला रडू यायचं ते हसू आलं.

"शेपटी आधी वर न्यायची," ती म्हणाली, "मग एकदम खाली सोडायची. बघ."

नोंदवहीच्या अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर तिने तीनदा सही करून दाखवली. त्याने खाली गिरवली, जमेना. मग तिने त्याचा हात धरला.

"हात सैल सोड."

"सुटत नाहीये."

"का?"

"तू धरलायस म्हणून..."

पाऊस पडत होता की थांबला होता, हे दोघांनाही नंतर सांगता आलं नसतं. त्या दिवशी मोजपात्रात पाणी ओतायचंच राहिलं. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं: "दृश्यमानता उत्तम."

त्यानंतर तिने 'माझी सही कर' असं त्याला एकदाही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. उशीर झाला की शेपटी वर जाऊन खाली सुटलेली असायची. पहिली धरून अशा सात सह्या झाल्या. ती बघायची, मूग गिळायची आणि शेऱ्यात काहीतरी गोड लिहायची. आकडे तर खरेच आहेत, असं ती स्वतःला सांगायची. पारा खरा, पाऊस खरा, फक्त हात दुसऱ्याचा.

शिबिराला जायच्या आदल्या दिवशी दोघं कुंपणापाशी चहा पीत उभी होती. आठ दिवसांचं जंगलातलं शिबिर, आणि ते संपलं की दोन महिन्यांत तिच्या खांद्यांवर तारे.

"उजव्या खांद्यावरचा तारा घरच्यांनी लावायचा असतो," ती म्हणाली. "बाबा लावणार. आई म्हणते, माझे हात थरथरतात, तुलाच टोचेन. आणि डाव्या खांद्यावरचा... ज्याने आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या त्याने."

"कोण बिचारा?"

"आहे एक. मान वर करून फिरतो. खड्ड्यात पडेल एक दिवस."

"मला टाचणीसुद्धा नीट लावता येत नाही, साहेब."

"शिकवीन. हात धरून."

त्याचंही ठरत आलं होतं. डोंगरावरच्या मोठ्या वेधशाळेत निरीक्षकाची एक जागा निघाली होती, आणि सरांनी त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. तिथून ढग खाली दिसतात, हे तो तिला दिवसातून दोनदा सांगायचा. "वरून कसे दिसतात ते शेऱ्यात लिहून पाठवीन," म्हणायचा.

शिबिराहून ती परतली ती गालावर ओरखडे आणि टाचांवर फोड घेऊन. अंघोळसुद्धा न करता वेधशाळेत गेली आणि नोंदवही उघडली. शिबिराच्या आठ दिवसांतल्या तिच्या चारही वारांपुढे तिची सही होती. शेपट्या इतक्या झोकदार की तिची स्वतःचीही तशी येत नसे. तिने मोजलं. सत्त्याण्णव. जिवात जीव आला. मनात कुठेतरी खुट्ट झालं, नाही असं नाही. पण ते तिने बुटाखाली दाबलं. शेऱ्यात लिहिलं: "आठ दिवस ढग पाहिले नाहीत. चुकल्याचुकल्यासारखं झालं."

आणि एवढी साधी गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. प्रेमात असलेल्यांना आकाश दिसतं, पायाखालचं दिसत नाही. कॅप्टनबाई प्रत्येक कॅडेटची शेवटची फाइल लावताना शिबिराची हजेरी आणि वेधशाळेच्या नोंदींसकट कॉलेजची हजेरी शेजारी शेजारी ठेवून, बोट फिरवत, स्वतः वाचत. तिच्या फाइलवर ते बोट थांबलं. चार सकाळी एकच मुलगी जंगलात नदी ओलांडत होती आणि कॉलेजमागे थर्मामीटरही वाचत होती.

सोमवारी दुपारी दोघांना सरांच्या खोलीत बोलावलं. आधी तो आत गेला. बाहेरच्या बाकावर बसून ती दाराच्या कडीकडे बघत होती. आवाज येत होते. सरांचा चढलेला, त्याचा शांत.

"आकडे खरे आहेत, सर. एकही रचलेला नाही. फक्त सही खोटी आहे."

"मग ते आकडे कुणाचे म्हणू मी? आकाशाचे साक्षीदार आहात तुम्ही, आणि साक्षीदारच बनावट!"

मग कॅप्टनबाईंचा प्रश्न, ऐकू न आलेला. आणि त्याचं उत्तर, स्वच्छ ऐकू आलेलं:

"नाही. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं."

तो बाहेर आला. तिच्याकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिला आत बोलावलं.

खोलीत नोंदवही उघडी होती. सर चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते. कॅप्टनबाई ताठ बसल्या होत्या.

"या चार सह्या तुझ्या आहेत?"

"नाही, मॅडम."

"त्याला करायला तू सांगितलं होतंस?"

"नाही, मॅडम."

दोन्ही उत्तरं अगदी खरी होती. तिथेच जर प्रश्न संपले असते! पण बाईंनी नोंदवहीवर हात ठेवला.

"तो म्हणतो, तुला माहीत नव्हतं. शब्द?"

तिच्या डोळ्यांपुढे ते शेवटचं पान आलं, तीन तिच्या सह्या आणि खाली त्याच्या वाकड्यातिकड्या. आणि लगेच बाबा आले. कांदा चिरणारे, मान खाली घातलेले, एक सलाम सव्वीस वर्षं जपून ठेवलेले बाबा. मी शिकवली त्याला ती शेपटी, हात धरून शिकवली, एवढंच वाक्य होतं. तिने ते मनात पूर्ण तयार केलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

"शब्द," ती म्हणाली.

बाईंनी नोंदवही मिटली. रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं नाही.

बाहेर आली तेव्हा तो उठून उभा राहिला होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फार तर दोन सेकंद. मग जिन्याने खाली गेला.

निकाल त्याच आठवड्यात लागला. चार सह्या बनावट केल्या म्हणून त्याच्या सगळ्याच नोंदी संशयित ठरल्या. वर्ष गेलं, वेधशाळेत पाऊल ठेवायला बंदी झाली, आणि सरांनी खणातलं पत्र त्याच्यासमोर फाडलं. तिच्या फक्त त्या चार सह्या रद्द झाल्या. निर्दोष म्हणून तिला उरलेल्या नोंदी पूर्ण करायची मुभा मिळाली. आधीच्या सात कुणालाच ठाऊक नव्हत्या, दोघांखेरीज. रद्द झालेल्या चार आणि शंभराला कमी पडणाऱ्या तीन, म्हणजे सात नोंदी तिला घ्यायच्या होत्या. बरोबर सातच.

ती त्याच्या घरी दोनदा गेली. दोन्ही वेळा त्याच्या आईने दारातूनच सांगितलं, "तो नाहीये गं." दुसऱ्या वेळी आत चप्पल दिसत होती.

शंभरावी नोंद शनिवारी होती. परेड संपली होती, आता वेळच वेळ होता. पावणेसातला ती कुंपणाच्या आत उभी होती. रात्री पाऊस पडून गेला होता आणि गवतातून पाणी बुटांत येत होतं. तिने सहज मान वर केली, आणि कुंपणापलीकडे तो दिसला.

"आत ये ना," ती म्हणाली आणि जीभ चावली.

"बंदी आहे." तो तारेला हात न लावता उभा राहिला. "शंभर आज होतायत ना? मोजत होतो."

"कुठे असतोस?"

"काकांच्या छापखान्यात. प्रुफं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका सापडतात मला."

ती तारेजवळ आली. इतक्या दिवसांत पाठ केलेलं सगळं एकदम तोंडात आलं आणि कुठलंच धड बाहेर पडेना. "मी... त्या दिवशी तूच म्हणालास ना, तिला माहीत नव्हतं म्हणून! मी ऐकलं बाहेर. तूच म्हणालास."

"हो."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, तू मला खोटं पाडशील."

तिने तार मुठीत घट्ट धरली.

"सात मिनिटं होतीस आत," तो म्हणाला. "घड्याळ समोरच होतं. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, आता सांगत असेल. पाचव्या मिनिटाला वाटलं, सांगितलं असणार, म्हणून वेळ लागतोय. आपण दोघंही बुडणार, असं वाटून मी वेड्यासारखा खूश झालो होतो. मग तू बाहेर आलीस."

"बाबांसाठी... तुला माहितेय, बाबा—"

"माहितेय. म्हणून तर बोललो मी."

"मग आता का रागावतोस?"

"रागावू नको?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आपणहून दिलं म्हणजे दुखत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

पत्र्याचा बाण करकरला, थोडा विचार केला आणि वळला.

"मी आज जाऊन सांगते," ती म्हणाली. "आत्ता जाते. कॅप्टनबाई असतील. सगळं सांगते, शेपटीचं, सगळं."

"आता सांगून काय होणार? माझं वर्ष परत येणार नाही. सरांचं पत्र जोडलं जाणार नाही. तू जाशील, तुझ्या बाबांचा सलाम जाईल, आणि तुझं मन तेवढं हलकं होईल. ते माझ्या जिवावर नको. कृपा कर."

ती रडत होती. रडताना आवाज न करायचं प्रशिक्षण तिला मिळालेलं होतं. "मला तू आवडतोस रे. मी कधी बोलले नाही... पण—"

"मला पण," तो म्हणाला, रोजची नोंद सांगावी तसा. "पहिल्या दिवसापासून. तिथूनच घोळ झाला सगळा."

"मग थांब माझ्यासाठी. वर्षभर. मी येईन. मी तुला अंतर देणार नाही, कधीच."

त्याने हळूच विचारलं, "शब्द?"

तिने तोंड उघडलं. तो शब्द ओठांशी आला आणि तिला सरांची खोली दिसली, मिटलेली नोंदवही दिसली. तिला तो उच्चारताच येईना. ढगोबाने थोडी वाट पाहिली, मग समजल्यासारखी मान हलवली.

खिशातून घडी केलेला एक कागद काढून त्याने तारेतून पुढे केला. नोंदवहीचं शेवटचं पान होतं ते. तीन झोकदार शेपट्या, खाली उंदराच्या. "चौकशीला बोलावलं तेव्हाच फाडून घेतलं होतं. तुझ्याकडेच असू दे. माझ्याकडे राहिलं तर एखाद्या दिवशी रागाच्या भरात कुणाला तरी दाखवीन."

"आणि... डावा खांदा?"

"दुसऱ्या कुणाला तरी सांग, साहेब." त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात वाजतायत. नोंद घे. आणि पेटीपाशी रडू नकोस. अर्धा डिग्री वाढेल."

तो निघाला. तिने श्वास रोखून पारा वाचला, आकडे लिहिले, सही केली. शेपटी वर गेली आणि खाली येताना कापली. शेऱ्याचा रकाना तिने कोरा सोडला.

तारे लावायच्या समारंभाला आकाश भरून आलं होतं. बाबा नवा शर्ट घालून आले होते; कॉलरचा पुठ्ठा काढायचा राहिलाय हे आईने तीनदा सांगूनही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. उजव्या खांद्यावर त्यांनी तारा लावला. सव्वीस वर्षं सुरी धरलेली बोटं, पण एकदाही टोचलं नाही. डाव्या खांद्यासाठी कुणीच पुढे आलं नाही, तेव्हा कॅप्टनबाई स्वतः आल्या.

तारा लावता लावता त्या बाबांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीला एकदा कठीण प्रश्न विचारायची वेळ आली होती माझ्यावर. तिने नजर न चुकवता उत्तर दिलं. अशीच मुलं हवीत आम्हाला."

बाबांचा चेहरा असा फुलला की तिला बघवेना. ते तीन पावलं मागे सरले. टाचा जुळल्या, पाठ ताठ झाली, आणि हात कपाळाशी गेला. सव्वीस वर्षांत शेकडो अधिकाऱ्यांना त्यांनी सलाम केला होता, पण डोळ्यांत पाणी आणून एकालाही नाही.

तिच्या वरच्या खिशात तो घडीचा कागद होता. तिने रीतीप्रमाणे हात उचलला, बोटं जुळवली, आणि बाबांच्या डोळ्यांत न बघता त्यांच्या टकलाच्या किंचित वर बघत सलाम परतवला. तेवढ्यात पाऊस आला. माणसं मंडपाकडे पळाली, बाबा मात्र हात खाली न घेता तसेच उभे होते, कारण अधिकाऱ्याने हात खाली घेतल्याशिवाय ते घेणार नव्हते.

पाच पॉइंट सहा, तिने मनातल्या मनात अंदाज बांधला. मग हात खाली घेतला.